कंठ राहू द्या : स्वरयंत्र वाचवण्याची दीडशे वर्षे आणि मेळघाटातला एक प्रश्न

धारणीच्या बसस्थानकाजवळ माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, सातबारा आणि दवाखान्याचे कागद यांवर ते चालते. दवाखान्याचे कागद आपण वाचू नयेत हे कळते. पण काचेवर कागद पालथा घालताना नजर जातेच.

२०१८ साली पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. इथून वीसेक किलोमीटरवरच्या गावातला एक कोरकू म्हातारा मुलाबरोबर दुकानात आला. वय सत्तरीच्या पुढे. जन्मभर गावची गुरे राखलेली. होळीला फगव्याच्या गाण्यांची सुरुवात त्याच्याच आवाजाने होते हे मला माहीत होते. त्या दिवशी त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडत होती. मुलाने फाइल पुढे केली. वरच्याच कागदावर शस्त्रक्रियेचे नाव होते : टोटल लॅरिंजेक्टॉमी.

म्हाताऱ्याने मला जवळ बोलावले आणि कानाशी कुजबुजला, "भाऊ, डाक्टर म्हंते नरड्यातली पेटीच काढा लागते. जीव वाचन म्हंते, पन बोल जाईन. पुरीच काढा लागते का? थोडीशी ठेवता नाई येत?"

"डॉक्टरांनाच विचारा ना बाबा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? मी डॉक्टर नाही. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही बाहेरून. इतिहासाचा नाद आहे, म्हणून वीस-बावीस वर्षे मिळेल ते वाचत आणि टिपत आलो. पण "थोडीशी ठेवता येत नाही का" हा प्रश्न डोक्यातून जाईना. वाचायला लागलो तेव्हा कळले, की आमच्या म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न जगातले मोठमोठे सर्जन दीडशे वर्षांपासून स्वतःला विचारत आले आहेत. या लेखात त्या प्रश्नाचा माग काढला आहे. शेवटी पुन्हा धारणीला यायचे आहे.

आधी गळ्याविषयी थोडे

गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला लागतो तो कंठमणी. त्याच्या आत स्वरयंत्र असते. कूर्चेची एक पोकळ पेटी, तिच्यात आडव्या दोन स्वरतंतूंच्या पट्ट्या. "नरड्यातली पेटी" हा म्हाताऱ्याचा शब्द अगदी बरोबर होता. या पेटीची कामे तीन. श्वासाला वाट देणे हे पहिले. घास गिळताना ती वाट बंद करून अन्नपाणी फुप्फुसात जाऊ न देणे हे दुसरे. आवाज हे तिसरे, आणि उत्क्रांतीच्या हिशेबाने सर्वांत उशिराचे. आपल्याला मात्र हे तिसरे कामच तेवढे ठाऊक असते.

पेटी पूर्ण काढली, की श्वासनलिकेचे तोंड गळ्याच्या खालच्या भागात कातडीला शिवून टाकतात. माणूस मग त्या छिद्रातून श्वास घेतो. घास चुकीच्या वाटेने जाण्याची भीती उरत नाही, कारण दोन्ही वाटा कायमच्या वेगळ्या झालेल्या असतात. आवाज जातो. पेटीचा काही भाग ठेवला, तर आवाज राहू शकतो, पण अन्न आणि श्वास यांची वाट एकच राहते आणि ती राखणारा दरवाजा अर्धा तुटलेला असतो. पुढचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आरसा आणि पेटी

जिवंत माणसाचे स्वरयंत्र नीट पाहून त्याचे काम उलगडले ते डॉक्टरने नाही, गाणे शिकवणाऱ्या गुरूने. मॅन्युएल गार्सिया हा मूळचा स्पॅनिश घराण्यातला गायनशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा प्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. त्यानंतर ट्युर्क आणि चेरमाक या दोन डॉक्टरांनी तो आरसा दवाखान्यात आणला. गार्सिया १०१ वर्षे जगला.

आत दिसायला लागले, म्हणजे आतले आजारही दिसायला लागले. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ या सर्जनने कर्करोग झालेले स्वरयंत्र पूर्ण काढले. रुग्ण ३६ वर्षांचा, धर्मशिक्षण देणारा शिक्षक होता. ज्याचा धंदाच बोलण्याचा त्याचाच आवाज गेला. बिलरोथचा सहायक गुसेनबाउअर याने त्याच्यासाठी धातूची पट्टी बसवलेले कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि तो माणूस एकसुरी, पण ऐकू येईल असे बोलू लागला. आजार उलटून काही महिन्यांतच तो गेला. म्हणजे पहिल्याच पूर्ण शस्त्रक्रियेच्या वेळी "जीव वाचला तरी बोलीचे काय" हा प्रश्न सर्जनपुढे उभा होता.

एक संत, एक सम्राट

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या आजाराने जगाच्या दोन टोकांना दोन मोठ्या माणसांचा गळा धरला.

कोलकात्याला श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ मध्ये घशाचा त्रास सुरू झाला. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्यासारखे नामवंत डॉक्टर उपचाराला होते. बोलणे कमी करा, असा सल्ला होता. पण ज्यांचा उपदेशच बोलण्यातून व्हायचा, ते गप्प कसे बसणार? १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या बागेत त्यांनी देह ठेवला. वय पन्नास.

दुसरा रुग्ण जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. १८८७ च्या सुरुवातीला त्याचा आवाज बसला. बर्लिनच्या डॉक्टरांना कर्करोगाची शंका आली आणि बेर्गमान या सर्जनने गळा बाहेरून उघडून गाठ काढण्याची तयारी केली. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेंझी हा घशाचा विख्यात डॉक्टर आला. त्याने गाठीचा तुकडा काढून फिरकोव्ह या थोर विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवला. तुकड्यात कर्करोग दिसला नाही. मॅकेंझीने शस्त्रक्रिया थांबवली. नोव्हेंबरमध्ये निदान पक्के झाले तेव्हा वेळ निघून गेली होती. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वास कोंडू नये म्हणून गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला तो सम्राट झाला. वाचा गेलेला सम्राट. दरबाराशी आणि घरच्यांशी तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोले. ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी तो मरण पावला.

बेर्गमानचे ऐकले असते तर सम्राट वाचला असता का, यावर युरोपात पुष्कळ शाई खर्च झाली. मला या गोष्टीतल्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

थोडे ठेवण्याची विद्या

पूर्ण पेटी काढण्याचे तंत्र पुढच्या चाळीस वर्षांत सुधारले. फिलाडेल्फियाच्या सोलिस-कोहेन याने १८९२ मध्ये श्वासनलिका थेट गळ्याच्या कातडीला शिवली, त्यामुळे जखमेतून लाळ फुप्फुसात जाऊन होणारे मृत्यू टाळण्याची वाट सापडली. त्याच वेळी थोडे ठेवण्याचेही प्रयत्न चालू होते. बिलरोथनेच १८७८ मध्ये पेटी उभी कापून एकच बाजू काढून पाहिली. १९४७ मध्ये उरुग्वेतील माँतेविदेओच्या अलोन्सो याने आडवा छेद घेतला. स्वरतंतूंच्या वरचा भाग काढायचा, तंतू तसेच ठेवायचे. १९५९ मध्ये व्हिएन्नाच्याच मायेर आणि रीडर यांनी आणखी धाडस केले. दोन्ही स्वरतंतू गेले तरी चालतील, पण खालचे कूर्चेचे कडे आणि त्यावरचा निदान एक हलणारा सांधा ठेवायचा, आणि जिभेखालचे हाड ओढून त्या कड्याला शिवायचे. आवाज घोगरा येतो, फाटका येतो, पण स्वतःचा येतो. गळ्यातले छिद्रही कायमचे राहत नाही.

१९७२ मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग आणि याको यांनी सूक्ष्मदर्शकातून कार्बन डायऑक्साइड लेझर स्वरयंत्रावर वापरला आणि पुढे जर्मनीत श्टाइनर यांनी ती पद्धत मोठ्या गाठींपर्यंत नेली. यात बाहेरून चिरच नाही. तोंडावाटे नळी घालून आतल्या आत गाठ काढायची. बहुतेकांना गळ्याला छिद्रही लागत नाही. स्वरतंतूपुरता मर्यादित असलेला सुरुवातीचा कर्करोग लेझरने काय किंवा किरणोपचाराने काय, दहातल्या नऊ जणांच्या आसपास आटोक्यात येतो.

किरणोपचाराची वाट समांतर चालली होती. प्रसिद्ध संगीतकार पुच्चिनी याच्या गळ्यावर १९२४ मध्ये ब्रुसेल्सला रेडियमच्या सुया लावल्या होत्या. त्या उपचारातच तो ६५ व्या वर्षी गेला. पुढे यंत्रे सुधारली. भारतात कोबाल्टचे पहिले यंत्र १९५६ मध्ये चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेत बसले. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वरयंत्राचा कर्करोग वाढलेले ३३२ रुग्ण होते. निम्म्यांना पेटी काढून किरणोपचार दिले, निम्म्यांना आधी औषधे आणि मग किरणोपचार. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, शंभरात ६८. दुसऱ्या गटातल्या शंभरातल्या ६४ जणांची पेटी मात्र शाबूत होती. त्या अभ्यासाने जगभरच्या डॉक्टरांचा विचार बदलला. पेटी राहिली म्हणजे ती काम करतेच असे नाही, हेही नंतर लक्षात आले. किरणांनी कडक झालेल्या पेटीतून कधी घास उतरत नाही, कधी उलट्या वाटेने जातो.

आता म्हाताऱ्या माणसांचे. पेटीचा भाग ठेवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला गिळणे नव्याने शिकावे लागते. त्यात काही आठवडे जातात. त्या काळात थोडेफार अन्नपाणी श्वासनलिकेत जातेच. तरुण माणूस जोरात खोकून ते बाहेर टाकतो. उतारवयात खोकल्याचा जोर कमी झालेला असतो, आणि तीस-चाळीस वर्षे विडी ओढलेली असेल तर फुप्फुसे आधीच गेलेली असतात. निमोनिया होतो आणि आवाज वाचवताना जीव जातो. म्हणून कित्येक वर्षे सर्जन वयाचीच रेषा आखत. साठ, पासष्ट, फार तर सत्तर. त्यापुढे पूर्ण पेटी काढायची.

नंतर अनुभव वाढला तशी ही रेषा पुसट झाली. निवडून घेतलेल्या सत्तरीपुढच्या माणसांनाही अशी शस्त्रक्रिया सोसते असे दिसले. बघायचे ते जन्मवर्ष नाही, छातीचा दम. यंत्रावरच्या तपासण्या असतातच, पण सर्जन लोकांची एक जुनी साधी कसोटीही आहे : रुग्णाला न थांबता दोन जिने चढायला लावायचे. धाप न लागता चढला, तर विचार करता येतो. सत्तरीपुढच्या माणसाचा आवाज जिन्याच्या पायऱ्यांवर ठरतो, हे वाचले तेव्हा मला आमचा म्हातारा आठवला. जन्मभर सातपुड्याच्या टेकड्या चढलेला, आणि जन्मभर विडी ओढलेला.

विडीचे पान

विडीचा विषय निघाला, की मेळघाटचा विषय निघतो. मे महिन्याच्या उन्हात आमच्याकडची बायाबापडी तेंदूपान तोडायला जंगलात जातात. पुडे बांधतात, फळीवर मोजून देतात. पावसाळ्याआधी हातात येणारा तोच रोख पैसा. ते पान बाहेर जाते, त्यात तंबाखू भरली जाते आणि विडी होऊन ते परत इथल्या दुकानांत येते.

या विडीचा आणि घशाचा संबंध ज्यांनी शास्त्रीय पुराव्याने मांडला, त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव वरचे आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ही पहिलीच नोंदणी. १९७१ मध्ये जस्सावाला आणि देशपांडे यांनी तंबाखूच्या कोणत्या सवयीने कोणत्या जागेचा धोका वाढतो याचा हिशेब प्रसिद्ध केला. चघळणाऱ्याचे तोंड धोक्यात, ओढणाऱ्याचा घसा आणि स्वरयंत्र. जोडीला दारू असली, की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. आमच्याकडे मोहाची असतेच.

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले शंभरात सुमारे २७ प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यातले बहुतेक चघळणारे, ओढणारे शंभरात चारच्या आसपास. म्हणूनच महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाची चर्चा होते, पोस्टर लागतात, गुटखाबंदी येते. विडीने गेलेला घसा मागे राहतो, कारण तो बोलूच शकत नाही.

ज्यांना विचारलेच नाही

१९८१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकात एक लेख आला. बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी ३७ निरोगी माणसांना विचारले : तुम्हाला हा आजार झाला तर काय निवडाल? जगण्याची शक्यता जास्त पण आवाज नाही, की आवाज शाबूत पण जगण्याची शक्यता कमी? पाचातल्या एकाने आवाज निवडला. डॉक्टरांनी जीव हेच एक माप धरू नये, रुग्णाला विचारावे, हा या लेखाचा धडा आजही शिकवला जातो.

ती ३७ माणसे कोण होती? बारा कंपन्यांचे अधिकारी आणि पंचवीस अग्निशमन दलाचे जवान. सगळे लिहिता-वाचता येणारे. आवाज गेला तर त्यांच्यापाशी कागद होता. सम्राट फ्रेडरिकपाशीही होता. आमच्या म्हाताऱ्यापाशी काय होते? त्याला अक्षर येत नाही. त्याची कोरकू ही मुंडा गटातली, आजूबाजूच्या मराठी-हिंदीहून मुळातच वेगळी भाषा. ती पिढ्यान् पिढ्या कागदावर राहिली नाही, गळ्यात राहिली. गाईला हाक, नातवाला गोष्ट, फगव्याचे गाणे, पंचायतीतले मत, सगळे आवाजातच. शिकलेल्या माणसाचा आवाज गेला तर तो मुका होतो. निरक्षर माणसाचा आवाज गेला तर तो मुका होतो आणि त्याचा कागदही फाटतो. म्हणून आवाज वाचवणे ही शहरातल्या सुखवस्तू रुग्णाची चैन आहे असे कोणी म्हटले, तर मला ते पटत नाही. खरी गरज उलट बाजूला जास्त आहे.

अमरावती जिल्ह्याला हे सांगायला नको. शेंडगावचे गाडगेबाबा निरक्षर होते. शाळा, धर्मशाळा, सदावर्ते, जे काही त्यांनी उभे केले ते आवाजाच्या जोरावर. १९५६ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, मुंबईला वांद्र्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून ऐंशीव्या वर्षीचा तो आवाज आजही ऐकता येतो. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात, त्यात आपल्या वऱ्हाडातले पुष्कळ. खंजिरीच्या भजनांनी गावे जागवणारे मोझरीचे तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगाने गेले. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आवाजाने जगलेल्या दोन वऱ्हाडी माणसांची नावे अशी या आजाराच्या वाटेवर उभी आहेत.

आवाज कुठे हरवतो

जुलै २०१२ मध्ये राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार तिच्यात बसतात. माझ्या दुकानातल्या अर्ध्या झेरॉक्स तिच्याच. पैशाची भिंत त्यामुळे बरीच खाली आली हे मी पाहिले आहे. पण किरणोपचार म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. तेवढे दिवस नागपूरला किंवा मुंबईला राहायचे कोणी, गुरे राखायची कोणी, बरोबरच्या मुलाची मजुरी भरून द्यायची कोणी? अभ्यासात पेटी वाचवणारा उपचार इथे अर्ध्यावर सुटू शकतो. एका दमात होणारी शस्त्रक्रिया म्हणूनच आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना जवळची वाटते. पण ती लेझरने थोडक्यात व्हायची असेल, तर गाठ लहान असताना पोचायला हवे.

स्वरतंतूचा कर्करोग लहान असतानाच आवाज बसवतो. इतर कर्करोग इतक्या लवकर सांगत नाहीत. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल, आणि माणूस विडी ओढणारा असेल, तर घसा आतून पाहून घ्यावा, हा साधा नियम आहे. पाहायला लागतो तो गार्सियाचा आरसा, किंवा आजची नाकातून जाणारी बारीक दुर्बीण. इथून अमरावती घाटातून दीडशेच्या आसपास किलोमीटर. आमच्या म्हाताऱ्याचा आवाज होळीलाच बसला होता. गाऊन बसला असेल, म्हणून पहिला महिना गेला. मग भूमकाकडे झाले. मग दुकानातले खोकल्याचे औषध. मग तेंदूपानाचा हंगाम, मग पेरण्या. पोळ्याला श्वास अडकू लागला तेव्हा गाडी केली. सर्जनची कला कितीही पुढे गेली, तरी त्या सहा महिन्यांत जे गेले ते तिला परत आणता येत नाही.

पुढे काय झाले ते सांगतो. माझ्या सल्ल्याप्रमाणे मुलाने मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना तो प्रश्न विचारला. डॉक्टरांनी तो टाळला नाही. एका बाजूचा स्वरतंतू जागीच थिजला होता, गाठ खाली उतरली होती. छातीच्या तपासण्या झाल्या. म्हाताऱ्याला जिना चढवला. पहिल्याच जिन्याच्या वळणावर तो कठडा धरून उभा राहिला. थोडीशी ठेवता येणार नव्हती.

पेटी पूर्ण निघाली. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक लहान झडप बसवता येते. अमेरिकेत ब्लोम आणि सिंगर यांनी १९८० च्या सुमारास ती आणली, आणि बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची अगदी स्वस्त झडपही तयार केली आहे. पण झडप कोणतीही असो, ठराविक काळाने बदलावी लागते, साफ ठेवावी लागते. दर वेळी एवढ्या लांब कोण नेणार, म्हणून घरच्यांनी नको म्हटले. मला ते चूक म्हणवत नाही.

शस्त्रक्रियेला निघायच्या आदल्या रात्री मुलाने मोबाइलवर बापाचा आवाज भरून ठेवला होता. फगव्याची दोन गाणी आणि गाईंना मारायच्या हाका. गाणी नीट आली नाहीत, बसलेल्या आवाजातली. हाका आल्या आहेत. आता गुरे नातू राखतो.

म्हातारा अजून आहे. बाजाराच्या दिवशी दुकानात येतो, गळ्याला पांढरे फडके बांधलेले. कागद पुढे करतो आणि दोन बोटे दाखवतो. मी दोन झेरॉक्स काढतो. कोणी विडी पेटवून दुकानाच्या पायरीवर बसला, की तो त्याच्या खांद्यावर थाप मारतो आणि गळ्यावरचे फडके बाजूला करतो.